शहराचा क्लीन एनर्जी प्लॅन कसा करायचा: बिलांच्या गठ्ठ्यापासून बजेटपर्यंत

बहुतेक ठिकाणी हे काम उलट्या टोकाने सुरू होतं. आधी सभेत ठराव होतो की आपण अमुक साली नेट झिरो होणार (म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच भरून काढू), मग कन्सल्टंट नेमला जातो, तो जाडजूड रिपोर्ट देतो, आणि तो रिपोर्ट राबवायचं काम नेमकं कुणाचं हे कुठेच लिहिलेलं नसल्यामुळे पुढे काही हलत नाही. माझं सरळ म्हणणं असं की टार्गेट सगळ्यात शेवटी ठरवा, आधी बिलं जमवा, आणि प्लॅनमधली प्रत्येक गोष्ट पालिकेच्या बजेटमधल्या एका ओळीला बांधा. बजेटमध्ये ओळ नाही म्हणजे ते काम होणार नाही, इतकं सोपं आहे हे.

खाली जे लिहिलंय ते पालिकेतले इंजिनिअर, निवडून आलेले सदस्य आणि बाहेरून पाठपुरावा करणारे नागरिक अशा सगळ्यांसाठी आहे. कायदे देशादेशाप्रमाणे बदलतात पण कामाचा क्रम जवळपास सगळीकडे सारखाच असतो.

पायरी १: टीम कुणाच्या हाताखाली

हे काम पर्यावरण विभागाकडे देऊन मोकळं व्हायची सवय सगळीकडे आहे आणि निम्मे प्लॅन तिथेच अडकतात. कारण वीज जाते पाण्याच्या पंपांत, डिझेल जातं कचऱ्याच्या गाड्यांत, बांधकाम परवाने असतात नगररचना विभागाकडे आणि पैसे सुटतात लेखा विभागातून, पर्यावरणवाल्यांच्या हातात यातलं काहीच नसतं. त्यामुळे पाणीपुरवठा, विद्युत, वाहन, घनकचरा, नगररचना, लेखा अशा प्रत्येक ठिकाणचा एक माणूस घेऊन छोटी टीम करा आणि प्रमुख असा नेमा की त्याने बोलावलं तर बाकीचे विभागप्रमुख स्वतः मिटिंगला येतील, कनिष्ठाला पाठवणार नाहीत. वीज वितरण कंपनीचा स्थानिक इंजिनिअर पहिल्या दिवसापासून टेबलावर हवा, त्याचं कारण पुढे पाचव्या पायरीत कळेल.

पायरी २: दोन हद्दी, दोन वेगळे हिशोब

एक हिशोब पालिकेच्या स्वतःच्या उत्सर्जनाचा, म्हणजे तिच्या कामांतून हवेत जाणाऱ्या कार्बनसारख्या वायूंचा: इमारती, पथदिवे, पंप, गाड्या, कचरा डेपो. दुसरा हिशोब अख्ख्या शहराचा किंवा तालुक्याचा: घरं, दुकानं, कारखाने, सगळी वाहतूक. हे दोन्ही एकत्र मिसळले की गोंधळ सुरू. अख्ख्या शहराच्या उत्सर्जनात पालिकेचा स्वतःचा वाटा बहुतेक ठिकाणी एक आकडी टक्क्यांत असतो पण तिथे तिचा पूर्ण ताबा असतो, आणि उरलेल्या मोठ्या वाट्यावर ताबा नसतो पण नियम, परवाने, जमीन आणि खरेदी एवढी चार हत्यारं हातात असतात. दोन्हीसाठी कामं वेगळी, म्हणून तक्तेही वेगळे ठेवा.

शहराच्या हिशोबासाठी जीपीसी नावाची जागतिक पद्धत २०१४ पासून आहे, डब्ल्यूआरआय ही संशोधन संस्था आणि सी-४० व इक्ली हे शहरांचे दोन जागतिक गट अशा तिघांनी मिळून केलेली, तीच वापरा, स्वतःची नवी पद्धत काढत बसू नका. जळणाचा धूर आपल्या हद्दीत निघतो तो पहिला प्रकार, ग्रिडमधून (वीज पुरवणाऱ्या तारांच्या जाळ्यातून) घेतलेल्या विजेचा दुसरा, आणि आपल्यामुळे पण हद्दीबाहेर होणारा तिसरा. पहिल्या वर्षी पहिले दोन नीट करा, तिसऱ्यातला जो भाग मोजता येतोय तेवढाच घ्या. आधारवर्ष, म्हणजे पुढची सगळी तुलना ज्याच्याशी करायची ते वर्ष, असं निवडा की ज्याचा डेटा पूर्ण आहे आणि वर्ष साधारण होतं. २०२० घेऊ नका, लॉकडाऊनमुळे त्या वर्षीचा वाहतुकीचा आणि ऑफिसांचा वापर इतका वेगळा होता की त्याच्याशी केलेली तुलना पुढे कायम फसवत राहील.

पायरी ३: बिलं

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं पण हेच आहे. पालिकेच्या नावावरचे सगळे ग्राहक क्रमांक वितरण कंपनीकडून लेखी मागवा आणि आपल्या यादीशी ताडून पाहा. दोन्ही याद्या जुळत नाहीत असंच बहुधा दिसतं. पाडलेल्या इमारतीचा मीटर अजून चालू आहे, शाळेचा मीटर भलत्याच विभागाच्या खात्यावर आहे, कुठे मीटर बंद पडल्यामुळे कित्येक महिने सरासरीचं बिल येतंय, असं सगळं सापडतं.

मग एक साधी एक्सेल शीट करा. ग्राहक क्रमांक, जागा, विभाग, मंजूर भार, महिन्याचे युनिट, कमाल मागणी, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी किती खरंच कामी येते याचं माप), बिलाची रक्कम आणि रीडिंग खरं की अंदाजाने, एवढे रकाने पुरतात. कमीत कमी बारा महिने हवेत, छत्तीस मिळाले तर उत्तम कारण ऋतूंचा चढउतार त्याशिवाय कळत नाही. आता युनिटप्रमाणे मोठ्याकडून लहानाकडे लावा. शेकडो मीटर असले तरी वरच्या थोड्याशाच मीटरमध्ये निम्म्याहून जास्त वीज गेलेली दिसेल, आणि ते मीटर बहुतेक पाणीपुरवठ्याचे आणि सांडपाणी केंद्राचे असतील. सुरुवात तिथून करायची, ऑफिसमधल्या बल्बपासून नाही.

इंधनाचं गणित सोपं आहे. १ लिटर डिझेल जाळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साईड, पेट्रोलला २.३ किलो. विजेचा आकडा मात्र ग्रिडवर अवलंबून असतो, कोळशावर मोठी भिस्त असेल तर एका युनिटमागे ०.७ किलो किंवा त्याहून जास्त, आणि नॉर्वेसारखी जवळजवळ सगळी वीज पाण्यावर असेल तर नगण्य. आपल्या देशाच्या वीज खात्याने जाहीर केलेला त्या वर्षाचा आकडाच घ्या आणि कुठल्या वर्षाचा घेतला ते शीटमध्ये लिहून ठेवा, कारण ग्रिड दरवर्षी बदलत जातं आणि तीन वर्षांनी तुमच्या जागी आलेल्या माणसाला हे कळलं पाहिजे.

कचऱ्याचं विसरू नका. उघड्या डेपोत ओला कचरा कुजून मिथेन निघतो आणि तो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साईडच्या साधारण २८ पट, वीस वर्षांच्या हिशोबात ८० पटीच्या आसपास तापवतो. खूप ठिकाणी पालिकेच्या स्वतःच्या हिशोबातला सगळ्यात मोठा आकडा विजेचा नसतो, या डेपोचा असतो, आणि ओला कचरा वेगळा करून बायोगॅस किंवा खत करणं हे सोलर पॅनलपेक्षा आधी करायचं काम ठरतं.

पायरी ४: पंपाजवळ जाऊन उभे राहा

इथे जरा थांबून सांगते, कारण पैसे आणि कार्बन दोन्ही इथे ढिगाने वाचतात आणि फोटो काढण्यासारखं काही नसल्यामुळे कुणाचं लक्ष जात नाही.

१ घनमीटर पाणी १०० मीटर उंच चढवायला भौतिकशास्त्राप्रमाणे ०.२७ युनिट वीज लागते. पंप आणि मोटर दोन्ही धडधाकट असतील तर ०.४ च्या आसपास. आता तुमच्या पंपिंग स्टेशनच्या महिन्याच्या बिलातले युनिट घ्या, त्या महिन्यात चढवलेल्या पाण्याच्या घनमीटरने भागा, आणि एकूण उंचीवरून दर १०० मीटरच्या हिशोबात आणा (पाइपमधल्या घर्षणाचं ओझंसुद्धा उंचीत धरायचं). उत्तर ०.६ किंवा ०.७ आलं तर तुमची बरीचशी वीज पाणी न चढवताच संपतेय.

मग स्टेशनवर जा. पंप चालू असताना पुढच्या बाजूचा व्हॉल्व्ह किती उघडा आहे ते बघा. तो अर्धा बंद करून ठेवलेला असेल तर याचा अर्थ पंप गरजेपेक्षा मोठा बसवलाय आणि त्याचा जास्तीचा जोर त्या व्हॉल्व्हवर खर्ची पडतोय. सक्शन (पाणी आत येण्याची) आणि डिलिव्हरी (पाणी बाहेर जाण्याची) या दोन्ही बाजूंचे प्रेशर गेज चालतात का ते पाहा, काटा शून्यावर अडकलेला असेल तर तिथे कुणीही काहीही मोजत नाहीये. ऑपरेटरला विचारा की शेवटचा इम्पेलर (पंपाच्या आतलं फिरणारं चाक) कधी बदलला, मोटर किती वेळा रिवाइंड केली, म्हणजे आतल्या तारा पुन्हा गुंडाळल्या. या माणसांना सगळं माहीत असतं, त्यांना विचारायला कुणी येत नाही एवढंच. उपाय पण फार अवघड नसतात: योग्य मापाचा पंप, इम्पेलर छाटणं किंवा बदलणं, जिथे मागणी कमी जास्त होते तिथे व्हीएफडी (मोटरचा वेग कमी जास्त करणारं उपकरण). पंपाचा वेग २० टक्के कमी केला तर लागणारी पॉवर जवळपास निम्म्यावर येते, पण हे घर्षण जास्त असलेल्या सपाट लाईनला लागू, उंच टाकीवर सरळ चढवायचं असेल तर फायदा बराच कमी, त्यामुळे व्हीएफडी विकायला आलेला सांगेल ती बचत तशीच धरू नका. आणि गळती! गळून गेलेल्या प्रत्येक लिटरमागे शुद्धीकरणाची आणि पंपिंगची वीज आधीच खर्च झालेली असते, म्हणून गळती शोधणं हे पण एनर्जी प्लॅनचंच काम आहे.

पथदिव्यांचं थोडक्यात: जुने सोडियम दिवे काढून एलईडी लावले तर वीज निम्मी किंवा त्याहून कमी लागते, पण आधी लक्स (रस्त्यावर पडणाऱ्या उजेडाचं माप) मोजा, नाहीतर दिवे बदलतात आणि गल्ल्या अंधाऱ्या होतात, मग लोक वैतागतात ते योग्यच आहे.

पायरी ५: नकाशा, आणि त्यावर ग्रिड

आपल्या भागात काय काय मिळू शकतं ते नकाशावर आणा. छतांसाठी ठोकताळा असा की १ किलोवॅट सोलरला सावली नसलेली साधारण १० चौरस मीटर जागा, आणि ऊन भरपूर असेल तर वर्षाला १,४०० युनिटच्या आसपास, ढगाळ उत्तरेकडच्या देशांत हजाराच्या खाली पण जाऊ शकतं. याशिवाय वारा, शेतातला पालापाचोळा, सांडपाण्यातला गॅस, कारखान्यांतून वाया जाणारी उष्णता, हे सगळं. थंड देशांत उष्णतेची मागणी वेगळी मोजावीच लागते. डेन्मार्कने तेलसंकटानंतर १९७९ मध्ये कायदाच केला की प्रत्येक नगरपालिकेने आपल्या हद्दीत उष्णता कुठे आणि किती लागते याचा आराखडा करायचा, आणि आज तिथली जवळपास दोन तृतीयांश घरं सामूहिक पाइपमधून येणाऱ्या उष्णतेवर आहेत. नकाशा आधी झाला, पाइप नंतर गेले, हा क्रम लक्षात घ्या.

पण संसाधनांचा नकाशा अर्धाच आहे, त्यावर ट्रान्सफॉर्मर आणि फीडर (सबस्टेशनमधून भागाभागात जाणाऱ्या मुख्य वीजवाहिन्या) टाकल्याशिवाय तो कामाचा नाही. वितरण कंपनीच्या माणसाला टीममध्ये घ्यायचं ते यासाठीच. कुठल्या फीडरवर दुपारी अजून किती सोलर झेपेल, कुठला ट्रान्सफॉर्मर आत्ताच संध्याकाळी ओव्हरलोड होतोय, हे त्याच्याकडे असतं.

मागणी पुढे कशी वाढणार ते पण याच नकाशावर दाखवा. बसडेपोचं उदाहरण घेऊ. ५० इलेक्ट्रिक बस, रोज प्रत्येकी २०० किलोमीटर, किलोमीटरला १.२ युनिट, म्हणजे रोज १२,००० युनिट. रात्री सगळ्या बस एकदम येऊन ६० किलोवॅटच्या चार्जरला लागल्या तर ३ मेगावॅटची मागणी. त्याच बस वेळापत्रक लावून आठ तासांत पाळीपाळीने चार्ज केल्या तर दीड मेगावॅटमध्ये भागतं. कनेक्शन निम्मं, सबस्टेशनचा खर्च निम्म्याच्या जवळ, फक्त कुणीतरी आधी बसून गणित करायला हवं. चीनमधल्या शेन्झेन शहराने २०१७ च्या शेवटापर्यंत १६,००० हून जास्त बस, म्हणजे सगळ्याच्या सगळ्या, इलेक्ट्रिक केल्या, तर डेपो आणि वीज हा त्या कामाचा बसइतकाच मोठा भाग होता.

पायरी ६: नियम आणि परवाने

इथे पैसे फार लागत नाहीत, धीर लागतो. नवी इमारत पुढची पन्नास वर्षं उभी राहणार, ती बांधतानाच सोलरसाठी छत, पाइपिंग, चार्जिंगच्या केबलची जागा ठेवली तर खर्च थोडासा, नंतर तोडफोड करून करायचं तर कितीतरी जास्त. बार्सिलोनाने २००० मध्ये नव्या इमारतींना गरम पाण्याची ६० टक्के गरज सोलरमधून भागवणं सक्तीचं केलं. लंडनमधल्या मर्टन नावाच्या एका बरोने (तिथली स्थानिक पालिका) २००३ मध्ये मोठ्या बिगरनिवासी बांधकामांना १० टक्के ऊर्जा जागेवरच अपारंपरिक मार्गाने तयार करायची अट घातली आणि ती मग इतर कितीतरी ठिकाणी उचलली गेली. लहान संस्थेने केलेला नियम असा पसरतो.

फक्त एक काळजी घ्या, नियम केला की तपासणीची सोय पण करा. भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत छतावर पॅनल आणि नंतर वायरच जोडलेली नाही, हे टाळायचं असेल तर एक वर्षाने किती युनिट तयार झाले याचा मीटर रीडिंगचा पुरावा मागा.

पायरी ७: एकट्याने करू नका

लहान पालिकेकडे वीस मेगावॅटचा करार करण्याइतकी मागणी पण नसते आणि वकील पण नसतात. मेलबर्न शहराने यावर जे केलं ते मला फार आवडतं: पालिका, विद्यापीठं, बँका अशा १४ संस्थांची मागणी एकत्र केली, एकच टेंडर काढलं आणि एका नव्या पवनऊर्जा प्रकल्पाकडून दीर्घ मुदतीचा करार केला, २०१९ पासून वीज मिळायला लागली. एकेकट्याने गेले असते तर त्यातल्या बऱ्याच जणांना कुणी उभं पण केलं नसतं. कॅलिफोर्नियात २००२ च्या कायद्याने गावांना मिळून आपल्या रहिवाशांसाठी वीज खरेदी करता येते, तारा जुन्याच कंपनीच्या राहतात, आणि मरिन काउंटीने (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) २०१० मध्ये तिथे सगळ्यात आधी सुरुवात केली.

म्हणून शेजारच्या पालिकांशी आधी बोला. बसडेपो, बायोगॅस प्रकल्प, एनर्जी इंजिनिअरची नेमणूक या तीन गोष्टी वाटून घेण्यासारख्या आहेत. करारात मात्र सुरुवातीलाच लिहा की कुणी बाहेर पडलं तर उरलेला बोजा कुणाकडे जाईल, ही एकच गोष्ट न लिहिल्यामुळे चांगल्या आघाड्या मोडतात.

धोका पण सांगायला हवा. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहराने २०१५ मध्ये स्वतःची वीज विक्री कंपनी काढली, हेतू अगदी चांगला होता, गरीब घरांना स्वस्त वीज द्यायची. पण घाऊक बाजारातल्या दराच्या चढउताराची जोखीम पालिकेला झेपली नाही, तोटा वाढत गेला आणि २०२० मध्ये ती बंद करावी लागली. स्वतः निर्मिती करणं किंवा एकत्र खरेदी करणं एक, आणि रोज बाजारात उतरून वीज विकणं वेगळं. दुसऱ्यात उतरायचं असेल तर जोखमीचं काम करणारी तयार माणसं आधी हवीत.

पायरी ८: मालकी कुणाची

पवनचक्की किंवा सोलर पार्कला विरोध होतो तेव्हा लोक अडाणी आहेत असं धरून चालू नका, बहुतेक वेळा त्यांचा प्रश्न असतो की जमीन आमची, आवाज आमच्या कानाला आणि पैसे कुणाला. डेन्मार्कच्या साम्सो बेटाची १९९७ मध्ये अपारंपरिक ऊर्जेचं बेट म्हणून निवड झाली, वस्ती चार हजारांच्या आसपास. जमिनीवर १ मेगावॅटच्या ११ आणि समुद्रात २.३ मेगावॅटच्या १० पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि त्यांची मालकी शेतकरी, लहान लहान शेअर घेतलेले रहिवासी आणि नगरपालिका यांच्यात वाटली गेली. समुद्रातल्या दहापैकी पाच नगरपालिकेच्या. स्वतःचे पैसे गुंतलेला माणूस चक्की फिरत नसेल तर फोन करून विचारतो, एवढा फरक पडतो.

आणि हे फक्त श्रीमंत देशांतच होतं असं नाही. तमिळनाडूतल्या ओडनथुराई ग्रामपंचायतीने २००६ मध्ये स्वतःची ३५० किलोवॅटची पवनचक्की घेतली आणि गरजेपेक्षा जास्तीची वीज राज्याच्या वीज मंडळाला विकायला लागली.

भाडेकरू, छत नसलेली घरं, कोळशावर किंवा डिझेलवर पोट असलेली माणसं, यांचं काय हे प्लॅनमध्ये लिहिलेलं हवं. छतावरच्या सोलरची सूट फक्त मालकाला मिळाली आणि ग्रिडचा खर्च भाडेकरूच्या बिलावर गेला तर तो प्लॅन अन्यायाचा आहे, मग कार्बन कितीही वाचो. सामूहिक सोलरमधले शेअर, घरांच्या दुरुस्तीला अनुदान, जुन्या गॅरेजवाल्यांना इलेक्ट्रिक गाड्यांचं ट्रेनिंग, यातलं काय आणि किती ते आकड्यासकट लिहा.

पायरी ९: पैसे आणि बजेटची ओळ

कामांचे तीन गट करा: बचतीतून स्वतःचे पैसे दोन-तीन वर्षांत फेडणारी, दहा वर्षांत फेडणारी, आणि पैशात कधीच न फिटणारी पण गरजेची. पहिल्यातून वाचलेले पैसे वेगळ्या फिरत्या निधीत टाका आणि दुसऱ्या गटाला तिथून द्या. हा निधी ठरावाने बांधला नाही तर वाचलेले पैसे सरळ रस्त्याच्या डांबरात जातात.

तुमची वीज वाचवून देऊन त्या बचतीतून आपले पैसे घेणाऱ्या कंपनीशी करार करणार असाल तर आधीचा वापर स्वतंत्र माणसाकडून मोजून घ्या, कंपनीच्या आकड्यावर नाही. बचत कशी मोजणार, पाण्याचा पुरवठा वाढला तर हिशोब कसा बदलणार, उपकरण बंद पडलं तर किती दिवसांत दुरुस्त, हे सगळं सहीच्या आधी.

नॉर्वेची राजधानी ओस्लोने २०१७ पासून क्लायमेट बजेट सुरू केलं. पैशाच्या बजेटसोबतच त्या वर्षी कुठल्या कामाने किती उत्सर्जन कमी होणार आणि जबाबदार कोण याचा तक्ता मंजूर होतो, आणि तो अर्थखातं सांभाळतं. कॉपी करण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली तर मी हीच निवडेन. एक ओळ अशी दिसते: काम, विभाग, अधिकाऱ्याचं पद, या वर्षीचा खर्च, वाचणारे युनिट किंवा लिटर, वाचणारे कार्बनचे टन, कधीपर्यंत.

पायरी १०: आता टार्गेट

या सगळ्या ओळींची बेरीज करा, तोच तुमचा खरा आकडा. तो पुरेसा नसेल, नसतोच, तर कुठली ओळ मोठी करायची यावर भांडा. टार्गेट एकाच तंत्रज्ञानावर किंवा दुसऱ्याच्या पैशावर टांगून ठेवू नका. डेन्मार्कच्या कोपनहेगनने २०१२ मध्ये ठरवलं की २०२५ पर्यंत कार्बन न्यूट्रल (जवळपास नेट झिरोच) व्हायचं, उत्सर्जन खरोखर खूप खाली आणलं, पण शेवटचा मोठा तुकडा कचरा जाळण्याच्या प्रकल्पातला कार्बन पकडण्यावर होता, त्याला सरकारी निधी मिळाला नाही, आणि २०२२ मध्ये शहराला सांगावं लागलं की ती तारीख गाठता येणार नाही. त्यांनी ते उघडपणे सांगितलं हे चांगलंच झालं. तुमच्या प्लॅनमध्ये प्रत्येक टनासमोर लिहा की हे आपल्या हातात, हे राज्याच्या, हे अजून बाजारातच नाही.

आढावा दर तीन महिन्यांनी, पंपांचे आणि बसचे आकडे दर महिन्याला, आणि संपूर्ण हिशोब दोन वर्षांतून एकदा केला तरी चालतो. शीट वेबसाईटवर टाका, आकडे वाईट असले तरी टाका. आणि पहिल्या आढाव्याला ऑपरेटरना बोलवा, त्या पंपिंग स्टेशनवर प्रेशर गेज बसला का आणि आता एका घनमीटरला किती युनिट लागतायत, हे त्यांच्याकडूनच ऐका.